परसांतील बावखल, त्यांतील बदकें आणि त्याचा जीर्णोद्धार

महोत्सवाच्या स्मरणिकेंत मंदिराची पायाभरणी, घंटेचें आगमन, धर्मगुरूंची परंपरा आणि शाळेचा उत्कर्ष यांचा वृत्तांत यावा हें योग्यच होय, व तो या पुस्तिकेंत अन्यत्र आलाही आहे. परंतु ज्या पाण्याच्या आधारानें आपलें हें गांव वसलें, ज्या पाण्यानें पूर्वजांच्या केळी, पानवेली आणि फुलझाडें पोसलीं, त्या पाण्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. म्हणून घरामागील परसांत असलेल्या बावखलाविषयीं चार गोष्टी वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. विषय लहान दिसतो खरा. परंतु आज कित्येक घरीं बावखल ठेवावें कीं बुजवावें हा प्रश्न खरोखरीच उभा आहे, आणि तो सोडवितांना इतिहासाची साक्ष काढणें उपयोगाचें ठरेल अशी आमची समजूत आहे.

बावखल म्हणजे काय हें वसईकरास सांगावयास नको; परंतु पुढील पिढीस तें सांगावें लागेल अशीं चिन्हें दिसूं लागलीं आहेत. ‘बाव’ म्हणजे विहीर. विहिरीहून रुंद, तलावाहून लहान, आणि बहुधा बांधीव कठडा नसलेला असा हा वाडींतील पाण्याचा खळगा. पावसाळ्यांत आजूबाजूचें पाणी उतारानें त्यांत येऊन सांठतें, आणि सांठलेलें पाणी हळूहळू भूमींत मुरून शेजारच्या विहिरींस पोंचतें. पूर्वीं काठावर रहाट चाले. पुढें तेलाचें इंजिन आलें. त्यामागून विजेचा पंप आला. याच पाण्यावर वसईचें पान दूरच्या बाजारीं गेलें, राजेळी केळीं वाळवून त्यांचीं सुकेळीं झालीं, आणि फुलें व भाजीपाला यांच्या टोपल्या पहांटेच्या गाडीनें मुंबईस जाऊं लागल्या. आपल्या आजोबांनीं मुलींचीं लग्नें केलीं व मुलांस शिकविलें, तें या खळग्यांतील पाण्याच्या बळावर, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

वसईची भूमि कशी आहे पाहा. पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस उल्हास नदीची खाडी, उत्तरेस वैतरणेची खाडी. अशा तिन्ही बाजूंनीं खारें पाणी. पोर्तुगीजांनीं १५३४ सालीं गुजराथचा सुलतान बहादूरशहा याजकडून वसई घेतली, १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं ती जिंकली, पुढें इंग्रजांचा अंमल आला व गेला. राज्यें बदललीं, तरी वाडींतील विहिरीस गोडें पाणी लागतच राहिलें. याचें कारण असें कीं, पावसाचें जमिनींत मुरलेलें पाणी वजनानें हलकें असल्यामुळें खालच्या खाऱ्या पाण्यावर जणूं तरंगत राहतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडमधील बादोन गायबेन आणि १९०१ सालीं जर्मनींतील हेर्त्सबर्ग या दोघांनीं स्वतंत्रपणें याचें गणित मांडिलें. समुद्राच्या पातळीवर गोड्या पाण्याची उंची एक फूट असेल, तर त्या पातळीखालीं गोड्या पाण्याची खोली सुमारें ४० फूट असते. याचा उलट अर्थ विचार करण्यासारखा आहे. वरचें पाणी एक फूट उतरलें, तर खालच्या खाऱ्या पाण्यास कालांतरानें सुमारें ४० फूट वर चढण्याची वाट मोकळी होते. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पाणी व हिरवी भूमि राखण्यासाठीं दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानें हरित वसई संरक्षण समितीनें जी चळवळ केली, तिच्या मुळाशीं हीच चिंता होती. बावखल पावसाचें पाणी भूमींत पोंचवितें. म्हणून एक बावखल बुजविलें कीं तेवढें पाणी गटारानें समुद्रास मिळतें, आणि तें नुकसान एका घराचें नसून सर्व आळीचें होतें.

असें असतांना लोक बावखल बुजविण्यास कां प्रवृत्त होतात ? जमिनीचा भाव हें एक कारण उघडच आहे. सूर्या धरणाचें पाणी नळानें घरांत आलें, त्यामुळें परसांतील पाण्याची गरज भासेनाशी झाली, हें दुसरें. परंतु तिसरें कारण असें कीं, बावखल घाण होतें. पाणी हिरवट व दाट होतें, त्यास दुर्गंधि सुटते, पहांटे मासे तोंडें वर काढून तळमळतात, सायंकाळीं डासांचे थवे उठतात. आणि मग घरांतील तरुण मंडळी म्हणूं लागतात कीं, एक दिवस मुरमाच्या गाड्या आणून ही पीडा कायमची मिटवावी. वास्तविक ही घाण पाण्याचा स्वभावधर्म नव्हे. अनेक ठिकाणीं तिचें मूळ त्या पाण्यावर पोहणाऱ्या बदकांच्या संख्येंत असतें.

बदकें आपल्या परसांत नवीं नाहींत. अंड्यांसाठीं दोनचार जोड्या ठेवाव्यात, नाताळास किंवा लग्नकार्यास बदकाचें मोईल करावें, ही आपल्या समाजाची जुनी रीत. या रीतीनें पाखरांची संख्या आपोआप बेताची राही. कारण पाळणारा जो होता तोच खाणाराही होता. युरोपांतही असाच क्रम होता. तूरचे बिशप संत मार्टिन यांच्याविषयीं दंतकथा आहे कीं, ३७१ सालीं लोकांनीं त्यांस बिशप करण्याचें ठरविलें, तेव्हां ते विनयानें हंसजातीय पाळीव पाखरांच्या खुराड्यांत लपले. परंतु पाखरांनीं कलकलाट करून त्यांचा ठावठिकाणा सांगितला. त्यांच्या ११ नोव्हेंबरच्या सणास त्याच पाखराचें जेवण करण्याची चाल तेथें पडली. कथा बाजूस ठेविली तरी चालीमागील शहाणपण स्पष्ट आहे. हिवाळा तोंडावर आला, चारा संपत आला, अशा वेळीं कळप कमी करणें शेतकऱ्यास भागच असे, आणि सणानें त्या गरजेस आनंदाचें रूप दिलें. आतां मात्र कोंबडीचें मांस बाजारांत सहज मिळतें. बदक कापण्याचें काम घरीं कोणास नको असतें. आणि मुलांस पाखरें पाहण्याची हौस असते. तेव्हां जोडीचीं दहा व दहाचीं तीस होतात, खळगा मात्र तेवढाच राहतो.

पाखरांवर प्रेम करणें व त्यांची संख्या मर्यादित ठेवणें या दोन गोष्टींत विरोध नाहीं, हें आपल्या पवित्र ख्रिस्तसभेच्या इतिहासावरून दिसून येतें. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यासमोरील फार्न बेटावर ६७६ सालीं एकांतवासास गेलेले संत कथबर्ट यांनीं तेथें घरटीं करणाऱ्या समुद्री बदकांस अभय दिलें, अशी परंपरा आहे. त्या जातीच्या बदकास त्या प्रांतीं अद्यापि संतांच्याच नांवाचें लाडकें रूप लावून हांक मारतात. पण तीं पाखरें मोकळ्या सागरावर चरणारीं; त्यांच्या विष्ठेनें सागर बिघडत नाहीं. लहान जलाशयाचें उदाहरण पाहावयाचें तर स्पेन देशांतील बार्सेलोना येथील महामंदिराकडे वळावें. तेथील मठांगणांत एक कारंजें व लहानसें कुंड असून त्यांत शुभ्र हंसजातीय पाखरें पाळलेलीं आहेत. त्यांची संख्या तेरा. संत युलालिया ही कुमारी वयाच्या तेराव्या वर्षीं रक्तसाक्षी झाली, तिच्या स्मरणार्थ ही संख्या. कुंड लहान आहे, आणि पाखरें किती ठेवावयाचीं तें ठरलेलें आहे. चौदावें पाखरूं सुंदर आहे म्हणून तेथें ठेवून घेत नाहींत.

जलाशय राखण्याची विद्या तर मठवासीयांनीं शतकानुशतकें जोपासली. शुक्रवारीं व उपवासकाळांत मांस वर्ज्य असल्यामुळें मध्ययुगांतील मठांस माशांची गरज असे. म्हणून मठाजवळ तळीं खणीत. मोराव्हिया प्रांतांतील ओलोमोउत्स येथील बिशप यान दुब्राव्हियस यांनीं तळीं व मत्स्यपालन या विषयावर एक लॅटिन ग्रंथच लिहिला. तो १५४७ सालीं छापून प्रसिद्ध झाला. एका बिशपस्वामींनीं तळ्यांविषयीं ग्रंथ लिहावा, यांत त्या काळच्या लोकांस कांहीं विचित्र वाटलें नाहीं. शेजारच्या बोहेमियांत त्रेबोन गांवाजवळ रोझम्बेर्क नांवाचा विस्तीर्ण तलाव १५८४ ते १५९० या सालांत बांधला गेला. शरद ऋतूंत त्याचें पाणी सोडून मासे काढण्याची रीत तेथें अद्यापि चालू आहे. त्या देशांतील जुन्या तलावरक्षकांचा आणखी एक नियम होता. अधूनमधून एखादा उन्हाळाभर तळें कोरडें ठेवावयाचें, म्हणजे तळाच्या गाळास ऊन व वारा लागून तो शुद्ध होई. सातव्या वर्षीं भूमीस विश्रांति द्यावी अशी जी आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रांत आहे, तिचें स्मरण या रीतीनें होतें. पाण्यासही विसावा लागतो.

आतां बदकांच्या गर्दीनें पाण्यांत काय घडतें तें पाहूं. बदक जें खातें त्याचा बराच भाग विष्ठेच्या रूपानें पाण्यांत उतरतो. या विष्ठेंत नत्र व स्फुरद हीं द्रव्यें पुष्कळ असतात. शेतांत हींच द्रव्यें खत म्हणून आपण विकत घेतों. पाण्यांत तींच शेवाळास खत होतात. शेवाळ दाट झालें कीं खालीं उजेड पोंचत नाहीं आणि तळच्या पाणवनस्पति मरतात. दिवसां शेवाळ प्राणवायु सोडतें, परंतु रात्रीं तें स्वतःच प्राणवायु घेऊं लागतें. शिवाय कुजणारा गाळही तो शोषून घेतो. म्हणून मासे तळमळतात ते पहांटे. भरीस भर म्हणून बदकें चोंचीनें गाळ ढवळतात, कोंवळे पाणगवत खाऊन टाकतात, आणि पायांनीं कांठ तुडवून माती पाण्यांत लोटतात. मासे मेले कीं डासांच्या अळ्या खाणारें कोणी उरत नाहीं. उष्ण दिवसांत अशा कुजक्या पाण्यांत एक विषारी जंतु वाढतो; त्याच्या विषानें बदकांच्या माना लुळ्या पडून तीं मरतात. म्हणजे गर्दी पाण्यास मारक, आणि शेवटीं पाखरांसही मारक.

हें केवळ अनुमान नव्हे. कॅनडांतील ऑन्टारिओ प्रांतांत १९७३ सालीं डेव्हिड शिंडलर व त्यांचे सहकारी यांनीं एका सरोवराच्या मध्यावर पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कर्ब व नत्र घातलें. एका भागांत मात्र त्यांच्या जोडीस स्फुरदही घातलें. स्फुरद घातलेला भाग हिरवागार झाला, दुसरा निर्मळ राहिला. आकाशांतून घेतलेलें त्याचें छायाचित्र पुढें जगभर प्रसिद्ध झालें.

बिघडलेलें पाणी सुधारतें काय, याचेंही उत्तर इतिहासानें दिलें आहे, व तें दोन सरोवरांच्या तुलनेनें चांगलें समजतें. अमेरिकेंतील सिअ‍ॅटल शहराजवळच्या वॉशिंग्टन सरोवरांत सांडपाणी सोडीत असत, त्यामुळें त्याचें पाणी गढूळ व शेवाळी झालें होतें. १९६३ ते १९६८ या काळांत तें सांडपाणी दुसरीकडे वळविलें. आणि थोड्याच वर्षांत सरोवर आपोआप स्वच्छ झालें. स्वीडनमधील व्हेक्शो शहराजवळचें त्रुम्मेन सरोवर मात्र उथळ होतें. त्यांत येणारी घाण १९५८ च्या सुमारास बंद केली, तरी दहा वर्षांनंतरही पाणी सुधारेना. कारण तळीं सांचलेला गाळच खालून खत पुरवीत होता. शेवटीं १९७० व १९७१ या दोन वर्षीं दर वर्षीं अर्धा मीटर याप्रमाणें तो गाळ उपसला, तेव्हां पाणी निवळलें. आपलें बावखल वॉशिंग्टन सरोवरासारखें खोल नाहीं, त्रुम्मेनसारखें उथळ आहे. म्हणून येथें दोन्ही गोष्टी केल्या पाहिजेत. प्रथम घाण येण्याचें थांबविणें, आणि मग गाळ काढणें. हा क्रम उलटा केला, म्हणजे बदकें तितकीच ठेवून नुसता गाळ काढला, तर खर्च मात्र होतो आणि दोनतीन वर्षांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

बदकें किती ठेवावींत, हा खरा व्यवहाराचा प्रश्न. आपल्या देशांत मासे व बदकें एकत्र पाळण्याची जी शास्त्रीय पद्धति शिकवितात, तींत एक हेक्टर पाण्यास २०० ते ३०० बदकें पुरेशीं मानितात. एक हेक्टर म्हणजे सुमारें ९९ गुंठे. अर्थात् एका गुंठ्यास, म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद पाण्यास, दोन किंवा फार तर तीन बदकें. आणि हें प्रमाण तरी कशासाठीं ? तर विष्ठेचें खत होऊन माशांचें खाद्य वाढावें म्हणून. ज्या बावखलाचें पाणी मुरून शेजारच्या पिण्याच्या विहिरीस पोंचतें, तेथें त्याहूनही कमी ठेवणें शहाणपणाचें. दोन गुंठ्यांच्या बावखलावर चार बदकें शोभतात. तेथें तीस असतील तर तें पाणी बिघडल्याविना राहणार नाहीं, मग धनी कितीही प्रेमळ असो.

जीर्णोद्धाराचा क्रम थोडक्यांत असा सांगतां येईल. पहिली पायरी संख्येची. जास्तीचीं बदकें पाळणाऱ्यांस द्यावींत, विकावींत, किंवा सणाच्या पानांत वाढावींत. परंतु रात्रीं गुपचूप नेऊन दुसऱ्याच्या तळ्यांत किंवा खाडीवर सोडूं नयेत. त्यानें आपली घाण शेजाऱ्याच्या दारीं जाते, आणि पाळीव पाखराचेही हाल होतात. दुसरी पायरी खाण्याची. शिळी भाकरी, पाव व भात पाण्यांत टाकण्याची संवय मोडावी. दाणा काठापासून दूर, कोरड्या जागीं घालावा. रात्रीं बदकें पाण्यावर न ठेवतां खुराड्यांत कोंडावींत. खालीं पेंढा पसरावा, आणि तो सकाळीं केळीच्या आळ्यांत टाकावा. डुंबण्यासाठीं वेगळा हौद करून त्याचें पाणी रोज झाडांस सोडलें, तर बावखलावरील भार आणखी हलका होतो, आणि बागेसही फायदा होतो.

तिसरी पायरी गाळाची. चैत्रवैशाखांत पाणी तळास गेलें म्हणजे हें काम करावें. काढलेला गाळ वाळवून नारळीच्या व केळीच्या बुडाशीं घालावा. तें उत्तम खत होय. मात्र खणतांना हांव धरूं नये. जुना तळ लागला कीं थांबावें. अधिक खोल गेल्यास गोड्या पाण्याखालचें खारें पाणी वर येण्याचा संभव असतो. चौथी पायरी कांठाची. वाळा, कर्दळ, लव्हाळे, पाणकणीस अशीं झाडें कांठाशीं लावावींत, आणि तीं मूळ धरीपर्यंत बांबूच्या कामटांचें कुंपण घालून बदकांस तिकडे जाऊं देऊं नये. या झाडांचीं मुळें तेंच नत्र व तेंच स्फुरद शोषून घेतात आणि कांठही धरून ठेवतात. जलपर्णी मात्र शोभेसाठीं म्हणून चुकूनही टाकूं नये. ती थोड्याच दिवसांत सर्व पाणी झांकून टाकते. घरांतील मोरीचें साबणाचें पाणी बावखलांत जात असेल तर तेंही त्याच वेळीं दुसरीकडे वळवावें. इतकें केल्यावर पहिल्याच पावसाळ्यांत पाणी स्फटिकासारखें होईल असें नाहीं. शेवाळ एकदोन वर्षें येईल व जाईल. धीर सोडूं नये. चतुर पाण्यावर घिरट्या घालूं लागले, लहान मासे दिसूं लागले, आणि पहांटेची दुर्गंधि नाहींशी झाली, म्हणजे काम मार्गास लागलें असें समजावें.

कोणी म्हणेल कीं, डासांचा त्रास होतो तर बुजविणेंच बरें. परंतु डास होतात ते पाणी आहे म्हणून नव्हे, तर त्या पाण्यांत अळ्या खाणारे मासे व किडे उरले नाहींत म्हणून. बुजविलेल्या बावखलाच्या जागीं पावसाळ्यांत जीं डबकीं सांचतात, त्यांत तर मासा कधींच येत नाहीं. दुसरा कोणी म्हणेल कीं, माझ्या परसांतील खळग्याचें मी वाटेल तें करीन. त्यास उत्तर एवढेंच कीं, खळगा तुमचा खरा; परंतु त्यांतून मुरणारें पाणी भिंतीशीं थांबत नाहीं. तें विधवेच्या विहिरीसही जातें आणि सावकाराच्या विहिरीसही.

परमेश्वरानें पहिल्या मानवास बागेंत ठेविलें तें तिची मशागत करण्यासाठीं व तिची राखण करण्यासाठीं, असें उत्पत्तीच्या पुस्तकांत सांगितलें आहे. नुसती मशागत केली आणि राखण विसरली, तर बाग उरत नाहीं. परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनीं २०१५ च्या मे महिन्यांत जें परिपत्रक सर्व जगास उद्देशून काढलें, तें ‘लाउदातो सी’ या नांवानें प्रसिद्ध आहे. त्यांत पाण्याच्या प्रश्नास स्वतंत्र स्थान दिलें असून शुद्ध पाणी हा प्रत्येक मनुष्याचा मूलभूत हक्क होय असें प्रतिपादिलें आहे. तें परिपत्रक आपण मंदिरांत ऐकलें, सभांत वाखाणलें. त्याचें पालन परसांत करावयाचें आहे.

तेव्हां या महोत्सवाच्या वर्षीं प्रत्येक घरच्या वडीलधाऱ्यांस आमची नम्र विनंति आहे कीं, त्यांनीं एकदा बावखलाची लांबीरुंदी मोजावी, बदकें मोजावींत, आणि वर दिलेल्या प्रमाणाशीं ताडून पाहावीं. ज्यांच्या घरीं बावखल बुजविण्याचें ठरलें असेल, त्यांनीं मुरमाची गाडी सांगण्यापूर्वीं एक उन्हाळा व दोन पावसाळे थांबावें. गाळ काढण्याचें काम एका घरास झेपत नसेल, तर आळींतील तरुणांनीं पूर्वींच्या काळीं घर शाकारण्यास जसे एकमेकांकडे जात तसे जावें. आपल्या पूर्वजांनीं मंदिर बांधतांना दगड वाहिले. त्यांच्या वंशजांनीं चार टोपल्या गाळ वाहिला तर त्यांत कमीपणा नाहीं. ज्या परमेश्वरानें आरंभीं पाण्यास जीवजंतूंनीं भरून जाण्याची आज्ञा केली, तो आपल्या गांवचें गोडें पाणी पुढील पिढ्यांसाठीं राखण्याची बुद्धि व बळ आपणां सर्वांस देवो, हीच त्याच्या चरणीं प्रार्थना.